अपस्मारासोबतचे नैराश्य कसे ओळखावे आणि काय करावे

अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, असलेल्या साधारण चार-पाच जणांपैकी एकाला नैराश्य असते. तरीही ‘फिट येतात म्हटल्यावर मन खचणारच’ असे म्हणून ते सोडून दिले जाते. ही समजूत आधी दूर सारावी. हे केवळ परिस्थितीचे दुःख नसते. फिटशी निगडित असलेले मेंदूचे काही भाग भावनांचेही नियमन करतात, आणि काही जणांत तर नैराश्य पहिल्या फिटच्याही आधीपासून असते.

ओळखताना थकवा, बिघडलेली झोप किंवा विसराळूपणा यांवर फार विसंबू नये, कारण फिटच्या गोळ्यांनीही हेच होते. त्याऐवजी गेल्या दोन आठवड्यांत कशातच आनंद वाटेनासा झाला आहे का, सतत अपराधी वाटते का, साधे कामही ओझे वाटते का, आणि मरण बरे असे मनात येते का, हे विचारावे. शेवटचा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर ‘हो’ आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

त्यानंतर फिटच्या नोंदवहीतच रोजची मनःस्थिती लिहायला लागावे. माझ्या मते सर्वांत उपयोगी पायरी हीच. काहींना फिटच्या आधी काही तास ते दोन-तीन दिवस उदासी किंवा चिडचिड जाणवते, काहींना फिटनंतर. अशा वेळी फिटवरचे नियंत्रण सुधारणे हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो. गोळी किंवा मात्रा बदलल्याची तारीखही नोंदवावी, कारण लेव्हेटिरासिटाम, टोपिरामेट, फेनोबार्बिटोन यांसारख्या औषधांनी काहींचे मन ढासळते, तर मन स्थिर ठेवणारे लॅमोट्रिजिन किंवा व्हॅल्प्रोएट बंद केल्यावर दबलेले नैराश्य वर येऊ शकते. मात्र संशय आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. न थांबणारी, जिवावर बेतणारी फिट येऊ शकते.

ही वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे. नैराश्याच्या गोळ्यांनी फिट वाढतील ही भीती बहुतांशी अनाठायी आहे: सर्ट्रालिन, सिटालोप्राम यांसारखी औषधे नेहमीच्या मात्रेत सुरक्षित मानली जातात, बुप्रोपिऑन व क्लोमिप्रामिन मात्र शक्यतो टाळतात. विचार व वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचारानेही चांगला फरक पडतो. मानसोपचारतज्ज्ञांना फिटच्या सर्व गोळ्यांची नावे सांगावीत, कारण कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनमुळे नैराश्याच्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण घटते. बरे वाटू लागल्यावरही उपचार साधारण सहा महिने तरी चालू ठेवावे लागतात.