पावसाळ्यात माळवं (भाजीपाला) वाशीच्या घाऊक बाजाराला धाडताना गाडीवर नजर कशी ठेवायची

‘कुठं आलास रं?’
‘आलो की, साताऱ्याजवळच हाय.’

रात्री साडेदहाला हे उत्तर येतं आणि साडेअकरालाही हेच. माळवं भरून टेम्पो मुंबईला धाडणाऱ्या आपल्यापैकी कुणी हे ऐकलं नाही असं नाही. हिवाळ्यात तासभर मागंपुढं झालं तर निभावतं. जून ते सप्टेंबर मात्र रस्ता रेंगाळतो, ताडपत्रीखाली माल तापतो, आणि पहाटेचा बाजार उलगडल्यावर पोचलेली ढोबळी मिरची पडेल भावानंच जाते.

गाडी भरण्याआधी नदी बघा. कागल, करवीर, राधानगरी, भुदरगडकडचा माल पंचगंगा ओलांडूनच पुण्याकडं जातो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पावसाळ्यात रोज जाहीर होते: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पाणी इशाऱ्याच्या आसपास असेल आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, तर दुसऱ्या दिवशीचा तोडा थांबवा. एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक सुटतं. ते पाणी कोल्हापूरजवळ यायला काही तास लागतात, आणि तोडणी, प्रतवारी, भराई यात आपलेही तेवढेच तास जातात. झाडावरची ढोबळी एखादा दिवस कळ काढते, क्रेटमधली काढत नाही.

आता गाडी निघाल्यावरचं. यंत्र घेण्याआधी हातातल्या फोनवर काय होतं ते बघू. ड्रायव्हरला व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन टाकायला सांगा, पण त्याची मुदत जास्तीत जास्त आठ तास असते. भराईच्या वेळीच सुरू केलं तर ते बोरघाटाच्या अलीकडंच संपतं, आणि नेमकं तिथंच ते हवं असतं. म्हणून गाडी हलताना एकदा आणि पुण्याजवळ चहाला थांबल्यावर परत एकदा सुरू करायला लावा. नकाशावरचा ठिपका बघताना ‘शेवटची नोंद किती वाजता’ हेही वाचा. नेट गेलं की ठिपका जुन्याच जागी बसून राहतो आणि आपण उगाच घाबरतो.

दुसरी सोय फुकटची आहे आणि तिच्याकडं कुणी बघत नाही. फेब्रुवारी २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा आहे. टोल कापला की गाडीमालकाच्या फोनवर नाक्याचं नाव आणि वेळेसह मेसेज येतो. किणी, तासवडे, आणेवाडी, खेड-शिवापूर, पुढं द्रुतगती मार्गावर तळेगाव आणि खालापूर. भाडं ठरवतानाच मालकाला सांगा, की हे मेसेज आपल्या ग्रुपवर पुढं ढकलायचे. आणेवाडीचा मेसेज आला आणि खेड-शिवापूरचा नेहमीच्या वेळेत आला नाही, तर खंबाटकीत काहीतरी अडलंय असं समजा. ड्रायव्हरला दर दहा मिनिटांनी फोन लावू नका. घाटात, पावसात, एका हातात फोन धरून त्यानं आपल्याशी बोलावं अशी अपेक्षाच चुकीची.

आठवड्याला दोन-तीन गाड्या जात असतील तर गटानं मिळून जीपीएस यंत्र बसवणं परवडतं. अनेक हुंडेकऱ्यांच्या (मालवाहतूकदारांच्या) गाड्यांत ते आधीच असतं, फक्त लिंक मागावी लागते. रेंज नसलेल्या पट्ट्यात बहुतेक यंत्रं नोंदी साठवून नंतर पाठवतात. त्यामुळं ठिपका पंधरा-वीस मिनिटं गायब झाला तर चालतं. रेंज असून पाऊण तास एकाच जागी दिसला, तर मात्र फोन करा.

पण नुसतं बघत बसून काय मिळतं? वेळेत निर्णय घेता आला तरच त्या ठिपक्याचा उपयोग. हा निर्णय खेड-शिवापूरच्या आत घ्यायचा असतो, कारण कात्रज उतरलं की मुंबई का पुणं हे ठरलेलं असतं. गाडी दोन-अडीच तास मागं असेल आणि वाशीचा पहाटेचा बाजार चुकणार असं दिसत असेल, तर माल पुण्याच्या गुलटेकडी मार्केटयार्डात उतरवणं बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं. त्यासाठी पुण्यातला एक आडत्या (कमिशनवर माल विकून देणारा) आधीच बोलून ठेवा आणि पुण्यात उतरवल्यास भाडं किती, हे गाडी भरतानाच ठरवा. मध्यरात्री रस्त्याकडेला भाड्याची घासाघीस झाली की आपणच हरतो.

ओला माल भरू नका. ताडपत्री मागून पूर्ण आवळली तर आत वाफ कोंडते. क्रेटच्या दोन थप्प्यांत चार बोटं फट ठेवा.

चार वर्षांमागं माझ्या ४२ क्रेटची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, ३८ ची आली. बाजारातल्या गाळ्यावर म्हणाले, ‘तेवढीच उतरली.’ गाडीवाला म्हणाला, ‘मी सगळी दिली.’ माझ्याकडं पुरावा म्हणून काय, तर खिशातली चिठ्ठी, तीही पावसानं पुसलेली. तेव्हापासून प्रत्येक क्रेटच्या आखूड बाजूला ऑईलपेंटनं माझी खूण आणि नंबर असतो. ताडपत्री ओढण्याआधी मागून एक फोटो काढतो, गाडीची नंबरप्लेट त्यात यायलाच पाहिजे. गाळ्यावर उतरल्यावर थप्पीचा दुसरा फोटो मागवतो. पहिल्या वेळी कुरकुर झाली, आता न मागता येतो.

पट्टी आली की क्रेटची संख्या, वजन आणि कपाती त्या फोटोंशी ताडून बघा. फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, २०१६ पासून शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची आहे, तरी पट्टीत ती कुठल्यातरी दुसऱ्या नावानं बसलेली नाही ना, एवढं नीट वाचा. रिकाम्या क्रेटचा हिशेब मात्र वेगळ्या वहीत ठेवा, तारखेसह किती गेली आणि किती परत आली. दिवाळीला ती वही घेऊन हुंडेकऱ्याकडं बसायचं असतं.