स्त्रियांची केसगळती : कारण कसे ओळखावे आणि उपाय कसा ठरवावा

केस गळू लागले की बहुतेक स्त्रिया आधी तेल बदलतात, मग शाम्पू बदलतात, मग कोणीतरी सुचवलेल्या गोळ्या सुरू करतात, आणि या सगळ्यात चार-सहा महिने सहज निघून जातात. काही प्रकारांत एवढा काळ गेला तरी फारसे बिघडत नाही, कारण ते केस आपोआप परत येणारच असतात. काही प्रकारांत मात्र तेवढ्याच काळात केसांची मुळे कायमची नष्ट होऊ शकतात. म्हणून उपायाच्या मागे लागण्यापूर्वी आपली केसगळती कोणत्या प्रकारची आहे हे ठरवायला हवे. त्यातला बराचसा भाग घरी, आरशासमोर, शांतपणे करता येतो.

स्वाभाविक गळणे किती?

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि प्रत्येक केस आपापल्या चक्राने चालतो. वाढीचा टप्पा २ ते ६ वर्षांचा असतो आणि या काळात केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा बदलाचा टप्पा येतो, मग सुमारे तीन महिन्यांची विश्रांती, आणि शेवटी तो केस गळून त्याच जागी नवा उगवू लागतो. कोणत्याही क्षणी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या टप्प्यात असतात, आणि उरलेल्यांपैकी रोज ५० ते १०० गळणे हे निरोगीपणाचेच लक्षण आहे.

हे आकडे ठाऊक असावेत, पण रोज केस मोजत बसू नये. त्यातून चिंतेशिवाय काही हाती लागत नाही. लांब केस असतील तर तेवढ्याच केसांची गुंतवळ मोठी दिसते, आणि दोन-तीन दिवसांनी केस धुतले तर साठलेले सगळे एकदम हातात येतात. तुलना करायची ती स्वतःच्याच नेहमीच्या गुंतवळीशी. ती दुप्पट-तिप्पट झाली असेल आणि आठवडेच्या आठवडे तशीच राहत असेल, तर पुढची पाहणी करावी.

गळतात, तुटतात की विरळ होतात?

कंगव्यातले चार-पाच केस घेऊन गडद रंगाच्या कापडावर ठेवावेत आणि त्यांची टोके उजेडात नीट पाहावीत. एका टोकाला खसखशीच्या दाण्याहूनही बारीक पांढरी गाठ दिसली, तर तो केस आपले चक्र पूर्ण करून गळलेला आहे. अनेकींना ही गाठ पाहून केस ‘मुळासकट उपटून आला’ असे वाटते आणि धास्ती बसते. खरे तर नवा केस घडवणारा भाग त्वचेतच शाबूत असतो. गाठ नसेल, टोक चिरलेले असेल आणि केसांचे तुकडे कमी-जास्त लांबीचे असतील, तर केस गळत नसून तुटत आहेत. ब्लीच, स्ट्रेटनिंग, तापलेली उपकरणे, ओल्या केसांतून जोराने फिरवलेला कंगवा ही त्याची नेहमीची कारणे आहेत, आणि अशा वेळी मुळांसाठीच्या औषधांचा काहीही उपयोग होत नाही. ते प्रकार थांबवले की पुरते.

दुसरी पाहणी भांगाची. टाळूवर मधोमध भांग पाडून त्याची रुंदी पाहावी आणि मग दुसऱ्या कोणाच्या मदतीने डोक्याच्या मागच्या भागात तसाच भांग पाडून दोन्हींचे फोटो काढावेत. मागचा भांग अरुंद आणि टाळूवरचा रुंद असेल, कपाळावरची केसांची रेषा मात्र पूर्वीच्याच जागी असेल, तर अनुवंशिक विरळपणाची शक्यता मोठी आहे. दोन्ही भांग जवळपास सारखेच असतील आणि गळणे अचानक सुरू झाले असेल, तर कारण बहुधा शरीरावर नुकत्याच येऊन गेलेल्या ताणात सापडते.

तिसरी पाहणी ओढून बघण्याची. किमान एक दिवस केस न धुता, ५०-६० केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलक्या पण ठाम हाताने ओढावी. सुमारे दहा टक्क्यांहून अधिक केस, म्हणजे सहा किंवा जास्त, हातात आले तर गळती चालू आहे असे समजावे. डोक्याच्या तीन-चार ठिकाणी असे करून पाहावे.

तीन महिने मागे जाऊन पाहावे

अचानक, सगळ्या डोक्यावरून, मूठभर केस जाऊ लागले की माणूस त्या आठवड्यातले कारण शोधतो. कारण मात्र सहसा दोन-तीन महिने मागे असते. मोठा आघात झाला की शरीर वाढीतल्या पुष्कळ केसांना एकाच वेळी विश्रांतीत ढकलते, आणि ती विश्रांती संपली की ते सगळे एकदम गळतात. या प्रकाराला टेलोजेन इफ्लुव्हियम म्हणतात. डेंग्यू, टायफॉइड किंवा कोविडसारखा कडक ताप, मोठी शस्त्रक्रिया, बराच रक्तस्राव, झपाट्याने वजन उतरवणारे उपास, एखादे तीव्र दुःख, काही औषधे, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणे, यांपैकी काही घडले होते का हे तारखेनिशी लिहून काढावे. औषधाचा संशय आला तरी ते स्वतःहून बंद करू नये. ज्या डॉक्टरांनी दिले त्यांनाच विचारावे.

बाळंतपणानंतरची गळती याच प्रकारातली आहे. गरोदरपणात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी उंच असल्याने केस वाढीच्या टप्प्यात जास्त काळ टिकतात. बाळंतपणानंतर ती पातळी उतरते आणि बाळ तीन-चार महिन्यांचे होते त्या सुमारास थांबलेले सगळे केस गळू लागतात. बाळाला दूध पाजल्यामुळे केस जातात हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी दूध तोडणे तर अगदीच अनाठायी. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात.

या प्रकारात टक्कल पडत नाही आणि गळणे साधारण सहा महिन्यांत थांबते. कपाळाच्या कडेने आखूड, टोकदार, उभे राहणारे केस दिसू लागले की नवी वाढ सुरू झाली असे समजावे, मात्र महिन्याला एक सेंटिमीटर या वेगाने खांद्यापर्यंतची जाडी परत यायला वर्ष-दोन वर्षे जातात. सहा महिन्यांनंतरही गळणे चालूच असेल, तर लोह, थायरॉइड आणि इतर कारणांची तपासणी करून घ्यावी.

हळूहळू रुंदावणारा भांग

अनुवंशिक विरळपणात गुंतवळ फारशी वाढलेली नसते, आणि म्हणूनच तो उशिरा लक्षात येतो. प्रत्येक चक्रागणिक मूळ आकसत जाते आणि त्यातून येणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड निघतो. त्वचारोगतज्ज्ञ एरिख लुडविग यांनी १९७७ मध्ये त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या, आणि टाळूवर विरळपणा वाढत जाऊन पुढची रेषा टिकून राहणे हे त्यांनी दाखवलेले वैशिष्ट्य आजही निदानात वापरले जाते. हा वारसा आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही. रजोनिवृत्तीनंतर त्याचे प्रमाण वाढते, पण तो विशी-तिशीतही सुरू होऊ शकतो.

बहुतेकींमध्ये पुरुषी संप्रेरकांची पातळी सामान्यच असते. तरीही पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरुमे जात नसतील, तर पीसीओएसची, म्हणजे बीजांडकोशांशी निगडित संप्रेरक-विकाराची, तपासणी करावी. काही महिन्यांतच हे सगळे झपाट्याने वाढून आवाजही घोगरा होऊ लागला, तर अजिबात थांबू नये.

जिथे वाट पाहणे महागात पडते

विरळ झालेल्या जागी त्वचा गुळगुळीत, चकचकीत दिसत असेल आणि केसांची छिद्रेच दिसत नसतील; तिथे जळजळ, दुखणे, पू किंवा केसांच्या बुडाशी लाली आणि खवले असतील; किंवा कपाळावरची रेषा मागे सरकत असताना भुवयाही विरळ होत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांची भेट पुढच्या महिन्यावर टाकू नये. या व्रण पाडणाऱ्या केसगळतीत मुळांच्या जागी व्रणाची ऊती तयार होते आणि गेलेले केस परत येत नाहीत. उपचार असतात ते उरलेले वाचवण्यासाठी. भुवयांसह रेषा मागे सरकण्याचा प्रकार १९९४ मध्ये प्रथम रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये नोंदवला गेला, आणि आजही तो बऱ्याचदा वयाच्या खाती जमा होऊन दुर्लक्षित राहतो.

चाई, म्हणजे अचानक पडणारे गोल, गुळगुळीत टक्कल, हा प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच केसांवर केलेला हल्ला असतो. तिथली मुळे जिवंत असतात, त्यामुळे केस परत येऊ शकतात. तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यताही मिळाली आहे. खवल्यांसह केस तुटून पडलेला चट्टा असेल तर नायट्याचा संशय घ्यावा; तो फक्त मलमाने जात नाही, पोटातून औषध घ्यावे लागते. घट्ट वेणी किंवा ताणून बांधलेल्या अंबाड्यामुळे कानशिलांवरचे केस जात असतील तर बांधणी आजच सैल करावी, कारण वर्षानुवर्षांच्या ताणाने तेही नुकसान कायमचे होते.

तपासण्या आणि गोळ्यांविषयी

डॉक्टरांकडे जाताना तारखांची नोंद, चालू औषधांची यादी आणि जुने फोटो न्यावेत. त्या दिवशी तेल किंवा केस दाट दाखवणारी पावडर लावू नये, म्हणजे भिंगातून त्वचा नीट दिसते. बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) या तपासण्या सांगितल्या जातात. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, कमी असू शकतो; उलट ताप किंवा दाह असताना फेरिटिन फसवे वाढलेले दिसते.

‘केसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांबाबत माझे मत स्पष्ट आहे : कमतरता सिद्ध झाल्याशिवाय त्या घेऊ नयेत. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ असते, आणि त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या व हृदयविकार ओळखणाऱ्या ट्रोपोनिनच्या रक्तचाचण्या चुकीच्या येऊ शकतात, म्हणून आपण बायोटिन घेत असल्यास रक्त देण्यापूर्वी तसे सांगावे. जीवनसत्त्व अ आणि सेलेनियम जास्त झाले तर केस उलट गळतात.

उपचार आणि संयम

अनुवंशिक विरळपणावर सर्वाधिक पुरावा असलेले बाह्य औषध मिनॉक्सिडिल हे आहे. स्त्रियांसाठी सामान्यतः २ टक्क्यांचे द्रावण दिवसातून दोनदा किंवा ५ टक्क्यांचा फेस दिवसातून एकदा वापरतात. भांग पाडून ते कोरड्या त्वचेवर लावायचे असते. केसांवर लावून उपयोग नाही. हात लगेच धुवावेत आणि औषध वाळल्याशिवाय उशीला डोके टेकू नये, नाहीतर ते चेहऱ्याला लागून तिथे लव वाढते. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढू शकते, कारण जुने केस सोडून मुळे नवी वाढ सुरू करत असतात. याच टप्प्यावर अनेकजणी घाबरून औषध सोडतात. परिणामाचा निर्णय चार ते सहा महिन्यांआधी घेऊ नये, आणि औषध बंद केले तर मिळालेला फायदा काही महिन्यांत ओसरतो हेही सुरुवातीलाच जाणून असावे. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात ते टाळावे. घरात मांजर असेल तर बाटली, सांडलेले थेंब आणि औषध लागलेली उशी तिच्यापासून दूर ठेवावी. मांजरासाठी हे औषध प्राणघातक ठरू शकते.

स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टराइड किंवा कमी मात्रेतले पोटातून घ्यायचे मिनॉक्सिडिल ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. पहिल्या दोन्हींमुळे मुलग्याच्या गर्भाच्या वाढीत दोष येण्याचा धोका असल्याने त्या काळात गर्भधारणा टाळावी लागते. स्वतःच्या रक्तातला प्लेटलेटयुक्त भाग टोचण्याच्या उपचाराने काहींना फायदा होतो, पण परिणाम व्यक्तीगणिक बदलतात. केसांचे प्रत्यारोपण करायचे तर मागचे केस दाट आणि टिकाऊ असावे लागतात, आणि सगळीकडे विरळपणा असलेल्या स्त्रियांना ते सहसा मानवत नाही.

तेलाने केसांचे घर्षण कमी होते आणि तुटणे घटते, एवढा त्याचा गुण मान्य करावा. आकसलेले मूळ तेलाने मोठे होत नाही. गळण्याच्या भीतीने केस धुणे टाळू नये, कारण धुताना जातात ते आधीच सुटलेले केस असतात.

केस जाण्याचे दुःख खरे असते. ‘केसच तर आहेत’ असे म्हणणाऱ्यांकडे लक्ष न देता, झोप उडाली असेल किंवा घराबाहेर पडणे नकोसे झाले असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. उपचारांचा परिणाम दिसेपर्यंत भांगाची बाजू बदलणे, त्वचेच्या रंगाशी जुळणारी पावडर लावणे किंवा गंगावन वापरणे यात कमीपणा काहीच नाही. मात्र गंगावनाच्या चिमट्यांची जागा रोज बदलावी आणि रात्री ते काढून ठेवावे, म्हणजे आधीच नाजूक झालेल्या केसांवर एकाच ठिकाणी ताण पडत नाही.