मिररच्या दोन्ही डिस्क धडधाकट, तरी लिनक्स बूट होत नाही: काय करावं

डेबियन किंवा उबुंटू, दोन डिस्कांचा रेड-१ मिरर, म्हणजे एकच डेटा दोन्ही डिस्कांवर ठेवणारी जोडी (ॲरे). डिस्क बदलली किंवा ॲरेच्या सेटिंगला हात लावला, आणि पुढच्या बूटला मशीन काळ्या पडद्यावर इनिट्रॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) प्रॉम्प्टपाशी अडकलं. या क्षणी डेटा बहुधा शाबूत असतो. तो जातो नंतर, घाबरून दिलेल्या कमांडमुळे.

म्हणून आधी ताकीद: एमडीएडीएमचा (लिनक्समध्ये रेड ॲरे सांभाळणारी कमांड) 'क्रिएट' पर्याय वापरू नका. 'ॲरे नव्याने तयार करा, डेटा तसाच राहतो' हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो घातक आहे. क्रिएट जुन्या सुपरब्लॉकवर (डिस्कवरच लिहिलेली ॲरेची माहिती) नवा लिहितो. डेटा कुठून सुरू होतो तो आकडा बदलला तर फाइल सिस्टिम सापडत नाही, आणि सिंक उलट्या दिशेने झाला तर शिळी डिस्क ताज्या डिस्कवर चढते. असलेला ॲरे जोडायला 'असेंबल' आहे, तेच वापरा.

प्रॉम्प्टवर /प्रॉक/एमडीस्टॅट वाचा. चौकटी कंसात दोन यू म्हणजे दोन्ही डिस्क हजर. एक यू आणि एक अधोरेघ म्हणजे एक गायब. ॲरे 'इनॲक्टिव्ह' दिसला तर 'स्टॉप' करून 'असेंबल स्कॅन' द्या. एकाच डिस्कवर उभा करायचा असेल तर 'रन'. कुठली डिस्क ताजी याबद्दल शंका असेल तर दोन्ही पार्टिशनांवर 'एक्झामिन' चालवा. 'इव्हेंट्स'चा आकडा जिचा मोठा, ती ताजी. मग 'एक्झिट'. बहुतेक वेळा मशीन इथून पुढे जातं.

पण पुढच्या बूटला पुन्हा तेच, आणि माझे खरे हाल इथेच झाले. एमडी-० नावाचा ॲरे दर वेळी एमडी-१२७ म्हणून उगवायचा. मी /ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ उघडून दहादा तपासली. एकही अक्षर चुकीचं नव्हतं. चूक वेगळ्याच प्रतीत होती. रूट फाइल सिस्टिम माउंट होण्याआधी ही फाइल वाचायला मिळणारच कशी? बूटच्या वेळी वाचली जाते ती इनिट्रॅमएफएसच्या आत बांधलेली तिची नक्कल, आणि ती जुनी होती. जो ॲरे त्या नकलेत सापडत नाही त्याला १२७ पासून उतरता क्रमांक मिळतो.

तेव्हा 'डिटेल स्कॅन'ने मिळणारी ॲरेची ओळ कॉन्फ फाइलमध्ये घाला आणि त्याच ॲरेची जुनी ओळ काढा. फाइलच्या शेवटी नुसती नवी ओळ जोडत गेलात तर एकाच ॲरेच्या दोन-तीन ओळी साठतात. मग अपडेट-इनिट्रॅमएफएस 'यू' पर्यायाने चालवा, सोबत 'के ऑल' द्या. नाहीतर फक्त नव्या कर्नलची प्रत सुधारते आणि जुना कर्नल निवडलात की पुन्हा तोच प्रॉम्प्ट.

एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) एमडी-० असं नाव लिहूच नका, यूयूआयडी (लांबलचक ओळख क्रमांक) लिहा. इथेही एक खड्डा आहे. यूयूआयडी दोन असतात: ॲरेचा वेगळा, त्यावरच्या फाइल सिस्टिमचा वेगळा. ब्लकआयडी ही कमांड नुसती चालवली की डिस्कच्या पार्टिशनांसमोर ॲरेचा यूयूआयडी छापून येतो, तोही तशाच आडव्या रेघांचा, आणि घाईत तोच उचलला जातो. त्या ओळीत 'लिनक्स रेड मेंबर' असं दिसलं तर तो एफएसटॅबसाठी नव्हे. एमडी उपकरणासमोरचा घ्या.

प्रॉम्प्टवरून पुढे जाताच येत नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून ॲरे असेंबल करा, रूट माउंट करा, डेव्ह, प्रॉक आणि सिस बाइंड करून सीएचरूट करा (म्हणजे त्या रूटलाच चालू सिस्टिम मानून आत शिरा) आणि हेच सगळं आतून करा.

ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा बूट लोडर) दोन्ही डिस्कांवर बसवा. मशीनचं फर्मवेअर यूईएफआय असेल तर ईएफआय पार्टिशन सहसा मिररच्या बाहेर असतं. दुसऱ्या डिस्कवर त्याची प्रत आणि स्वतंत्र बूट नोंद हवी.

मग, बॅकअप हाताशी ठेवून, मशीन बंद करा, पहिल्या डिस्कची केबल काढा आणि सुरू करा. ही चाचणी टाळू नका. उठलं तर पुन्हा बंद करून केबल लावा आणि ती डिस्क ॲरेत परत जोडा. अख्खी ४ टीबीची डिस्क सिंक व्हायला सात-आठ तास सहज जातात. एमडीस्टॅटमध्ये दोन यू परत दिसेपर्यंत दुसऱ्या डिस्कला हात लावू नका.