पाखरांच्या तोंडचा पेरू

वडगावातल्या आमच्या परड्यात एक पेरू, पाच-सहा टोमॅटो आणि मेथीचा एक वाफा. एवढ्यासाठी रोज पहाटे पोपट, बुलबुल आणि चिमण्यांची पंगत बसते. पोपट तर खाण्यापेक्षा पाडतोच जास्त!

पेरू लिंबाएवढा झाला की पिशवी बांधायची. आधी मी प्लॅस्टिकची बांधली, तर आत घाम सुटून निम्मे पेरू कुजले. आता सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या वीतभर पिशव्या शिवते. तोंड देठाच्या वर, फांदीला सुतळीनं बांधायचं. नुसत्या देठाला बांधलं की वाऱ्यानं फळ गळतं. कापडामुळं फळमाशीही लांब राहते. शेंड्याचे चार-पाच पेरू उघडेच सोडते. तिथवर माझा हात पोचत नाही, हे खरं कारण.

टोमॅटोला नुसती लाली चढली की तोडा, घरात टोपलीत दोन-चार दिवसांत पिकतो. झाडावर लाल होऊ दिला तर बुलबुलाचाच. मेथीचे कोंब चिमण्या खुडतात, म्हणून उगवून चार पानं येईतो वाफ्यावर कामट्या वाकवून जुनी नायलॉनची साडी ताणायची. जाळी घालणार असाल तर बारीक भोकांची, ताठ आणि कडेनं विटा ठेवून दाबलेली. सैल जाळ्यात पाखरं अडकतात, सापसुद्धा.

चकाकत्या सीड्या टांगून बघितल्या. आठवड्यात बुलबुल त्याच दोरीवर झोके घेत होता.