मुलं हात धुवायला, दात घासायला कुरकुरतात? या चुका टाळा

दोन-तीन वर्षांच्या मुलाला पाण्याचं वावडं असतं, असं सहसा होत नाही. नळ दिसला की तो सोडायचा, बादलीत हात घालून डुचमळायचं, साबण निसटला की खिदळायचं, हा त्या वयाचा स्वभावच. मग हेच मूल ‘चल, हात धू’ म्हटल्यावर पळ का काढतं? बहुतेक वेळा कारण साधं असतं. खेळ अर्ध्यावर मोडतो, पाणी गार असतं, बेसिनपर्यंत हात पोचत नाहीत, पेस्ट जिभेला झोंबते, शाम्पू डोळ्यांत जातो. यातलं नेमकं काय खुपतंय ते शोधलं तर निम्मी भांडणं मिटतात. आपण ते शोधत नाही, आवाज चढवतो.

जंतूंचा बागुलबुवा करू नका

‘हात नाही धुतलेस तर पोटात किडे होतील’, ‘दात नाही घासलेस तर डॉक्टर सुई टोचतील’. घाईच्या वेळी तोंडातून सहज निघणारी ही वाक्यं. त्यांचे परिणाम दोनच होतात. एक तर मुलाचा विश्वास बसत नाही, कारण काल न धुता खाल्लं तेव्हा काहीच झालं नव्हतं. नाहीतर इतका बसतो की ते दाराची कडी धरायलाही कचरतं. शिवाय डॉक्टरांकडे नेण्याची वेळ खरंच आली, की ती सुई आपल्याच अंगाशी येते.

न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवणं मोठ्यांनाही जड जातं. १८४७ साली व्हिएन्नातल्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तरीही त्यांच्या काळातल्या अनेक डॉक्टरांनी ते मानलं नाही. शिकल्यासवरल्या डॉक्टरांची ही तऱ्हा, तर तीन वर्षांच्या पोराने जंतूंवर लगेच विश्वास का ठेवावा?

त्यापेक्षा डोळ्यांना दिसेल असं काही करा. मुलाच्या तळहातांना थोडं तेल लावा आणि त्यावर चिमूटभर चमकी चोळा. (हात डोळ्यांकडे जाऊ देऊ नका.) आधी नुसत्या पाण्याखाली हात धरायला सांगा. चमकी हलत नाही. मग साबण लावून फेस करा, बोटांच्या बेचक्यांत चोळा, आणि ती सुटताना बघू द्या. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलकट मळाला धरतं आणि दुसरं पाण्याला, म्हणून मळ पाण्याबरोबर निघून जातो. मुलाला एवढंच सांगायचं: साबण घाणीला पकडतो, पाणी दोघांना घेऊन जातं.

मिरपुडीचा प्रयोग मात्र मला फारसा पटत नाही. पाण्यावर मिरपूड टाकायची, साबण लावलेलं बोट बुडवायचं, की पूड कडेला पळते. दिसायला छान आहे. पण ती पळते पाण्याचा पृष्ठताण बदलल्यामुळे. जंतू काही साबणाला घाबरून असे पळत नाहीत. मुलाच्या मनात नेमकं तेच ठसतं, आणि मग साबणाला बोट टेकवून ‘झाले हात!’ म्हणत ते मोकळं होतं. हात चोळावे लागतात हा मुद्दाच राहून जातो.

सांगण्यापेक्षा सोय बघा

मोठ्यांच्या उंचीच्या बेसिनवर हात धुवायचे म्हणजे मुलाला टाचा उंचावून, काठावर पोट दाबून उभं राहावं लागतं. वरून पाणी कोपरांवरून बाहीत शिरतं. अशा कामाला कोण हौसेने जाईल? न घसरणारं स्टूल, मुलाच्या हाताला येईल असा टॉवेल, त्याच्या मुठीत मावेल एवढा साबण किंवा सहज दाबला जाणारा पंप, एवढ्या तयारीने बराच फरक पडतो. पाणी कोमटच हवं असं काही नाही, गार पाण्यानेही हात तितकेच स्वच्छ होतात. पण मूल गार पाण्यामुळेच पळत असेल तर कोमट द्या.

साबण लावून किमान २० सेकंद चोळायचं असतं. सेकंद मुलाला कळत नाहीत, गाणं कळतं. तेवढ्या लांबीचं कुठलंही बडबडगीत चालेल, आणि ते मुलानेच निवडलं तर उत्तम. तळवे, हातांची मागची बाजू, बेचके, अंगठे आणि नखं अशी वाट ठरवून टाका. अंगठा सगळ्यात जास्त विसरला जातो.

सॅनिटायझर हा साबणाला पर्याय समजू नका. त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल असेल तरच तो उपयोगी, आणि मातीने किंवा तेलाने माखलेल्या हातांवर तो नीट चालत नाही. जुलाब-उलट्यांना कारण होणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवरही त्याचा प्रभाव कमीच. बाटली मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही, कारण थोडासाही पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते.

बक्षिसांचा हिशेब

दात घासले की स्टिकर, आंघोळ केली की खाऊ. पहिला आठवडा मजेत जातो, मग मूल विचारू लागतं, ‘आज काय देणार?’

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास इथे आठवतो. मुलं चित्रं काढण्यात रमणारी होती. काहींना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल’ असं आधीच सांगितलं, काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात, ज्यांना आधी कबूल केलं होतं तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. आवडीच्या कामालाही सौद्याचं रूप आलं की गोडी आटते.

म्हणून स्टिकर कायमचे हद्दपार करा, असं मी म्हणणार नाही. एखादी गोष्ट मुलाला मुळीच आवडत नसेल, तर सुरुवात करून देण्यापुरते थोडे दिवस ते चालतात. पण पाण्यात खेळणं, फेस करणं हे ज्याला आधीच आवडतं, त्याला त्यासाठी लाच देण्यात शहाणपण नाही. ‘शाब्बास’ पेक्षा ‘आज अंगठासुद्धा घासलास की!’ हे जास्त भिडतं.

उलट टोकाची चूक म्हणजे आंघोळीची शिक्षा करणं. ‘कपडे मळवलेस ना, आता चल न्हाणीघरात’ असं दरडावलं की पाण्याशी राग जोडला जातो.

दात: सगळ्यात जास्त झटापट इथेच

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हा समज सगळ्यात महागात पडतो. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात. त्या किडल्या तर ठणका लागतो, खाणं आणि झोप बिघडते, आणि त्या लवकर काढाव्या लागल्या तर पक्क्या दातांची जागा हलते. म्हणून पहिला दात दिसला की ब्रशची सुरुवात.

दुसरी चूक पेस्टची. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट दिसते, ती मुलांसाठी नाही. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट पुरते. घासून झाल्यावर थुंकायचं, गिळायचं नाही. पुदिन्याची पेस्ट मुलांना ‘तिखट’ लागते. ते नखरे नसतात, त्यांना खरंच झोंबतं. सौम्य चवीची पेस्ट आणा, ब्रश मऊ आणि लहान तोंडाचा घ्या.

तिसरी चूक म्हणजे ‘आता मोठा झालास, तूच घास’ म्हणून लवकर मोकळं होणं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोचत नाहीत. पण ब्रश हिसकावून घेतला तर तोंड मिटलंच म्हणून समजा. ‘आधी तू, मग मी’ हा करार बहुतेक घरांत चालतो. मूल त्याच्या परीने घासतं, मग तुम्ही मागे उभं राहून किंवा मुलाचं डोकं मांडीवर घेऊन उरलेलं घासता. अधूनमधून त्याला तुमचे दात घासू द्या. तुमच्या हिरड्यांना थोडं सोसावं लागेल, पण हसणं चालू असेपर्यंत तोंड उघडं राहतं.

एकूण वेळ दोन मिनिटांची, दिवसातून दोनदा. अगदीच तोंड उघडत नसेल तर पहिले काही दिवस अर्ध्या मिनिटावर समाधान माना आणि हळूहळू वाढवा. रात्रीचं घासणं मात्र चुकवू नका. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांना तिचं संरक्षण कमी मिळतं. त्यानंतर पाण्याखेरीज काही नको, दूधही नाही.

डोक्यावरून पाणी

आंघोळीला नकार देणारी बरीच मुलं खरं तर केस धुण्याला घाबरत असतात. बेसावध असताना डोक्यावर तांब्या ओतला की श्वास कोंडतो, आणि ती आठवण पुढे टिकते. आधी सांगा, तीन आकडे मोजा, मग ओता. घडी घातलेला कोरडा कपडा मुलाच्याच हातात द्या, डोळ्यांवर किती घट्ट धरायचा ते त्याला ठरवू द्या. छताला एखादं चित्र चिकटवलं तर मान आपोआप वर जाते आणि पाणी मागे ओघळतं. आधी बाहुलीचे केस धुऊन झाले तर आणखी बरं. पाणी तुमच्या कोपराला गरम लागलं तर मुलाला ते जास्तच गरम आहे. आणि टबात किंवा बादलीजवळ लहान मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका, अगदी थोड्या पाण्यातही बुडण्याचा धोका असतो.

नखं आंघोळीनंतर मऊ असतात, तेव्हा पटकन निघतात. कानात काडी घालायची गरज नसते, मळ आपोआप बाहेर येतो. शी झाल्यावर मुलींना पुढून मागे धुवायला शिकवा, आणि लहान मुलग्यांची शिश्नाची त्वचा जोर लावून मागे ओढू नका. संडासात पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट द्या, नाहीतर मूल शी दाबून धरतं. मग बद्धकोष्ठ आणि वेदना, आणि त्या भीतीने पुन्हा दाबून धरणं.

एकवीस दिवसांत सवय लागत नाही

हा आकडा फार फिरतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात (२००९) प्रौढांना नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. मुलांबाबत त्याहून कमी घाई करा. वेळेपेक्षा प्रसंग धरा: संडासातून आल्यावर, खाण्याआधी, बाहेरून आल्यावर, शिंकल्यावर. आणि ते प्रसंग तुम्हीही पाळा. मोबाईलवर बोलत थेट ताटावर बसणाऱ्या बापाचं ‘हात धू’ मुलगा किती ऐकणार?

काही मुलं मात्र उलट दिशेने जातात. सांगितलेलं नसताना पुन:पुन्हा हात धुतात, कातडी लाल होऊन भेगा पडतात, थांबवलं तर कासावीस होतात. तेव्हा कौतुकही करू नका आणि रागावूही नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रात्री गुदद्वाराशी खाज सुटून मूल झोपत नसेल तरीही त्यांच्याकडेच जा. बारीक जंतांची अंडी नखांखाली राहतात, आणि एकट्या मुलाला औषध देऊन सहसा भागत नाही, घरातल्या सगळ्यांनाच घ्यावं लागतं.