सहावी-सातवी-आठवी गावातच टिकवायचीय? मग जूनची वाट बघू नका

आमच्या बीड साइडला दरवर्षी तेच, जून उजाडला की इंग्लिश मीडियमची व्हॅन पारापाशी येऊन थांबते आणि मग आपण गुरुजींना विचारतो, पट का घटला. अहो पट मार्चमध्येच गेलेला असतो! तेव्हाच पाचवीची हजेरी घेऊन बसा, एकेक नाव वाचा, कोण राहणार, कोण तालुक्याला जायलंय, कुणाच्या घरी कुणी विचारायलाच गेलं नाही. हे शेवटचे लई निघतात.

घरी गेल्यावर भाषण नको. एवढंच सांगा की आठवीत एनएमएमएस म्हणजे गरीब घरच्या हुशार लेकरांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12000 रुपये, आणि विनाअनुदानित शाळेतल्या लेकराला तिला बसताच येत नाही. व्हॅनवाला हे सांगणार नाही.

तारीख पाठ करा, 30 सप्टेंबर. त्या पटावर संचमान्यता, म्हणजे गुरुजी किती मिळणार ते. आधारवरचं आणि शाळेतलं नाव ऑगस्टमध्येच जुळवून घ्या, एका वेलांटीपायी लेकरू ह्या मोजणीत अडकतं.

पण खरं सांगू का, पालक व्हॅन बघून पळत नाहीत, सातवीतल्या पोराला भागाकार येत नाही हे बघून पळतात. म्हणून शनिवारी शाळेत जा, 618 ला 6 नं भागायला द्या. बऱ्याच जणांचं उत्तर 13 येतं, मधलं शून्य गायब. रागवू नका, म्हणा सहा जणांत 618 रुपये वाटले अन प्रत्येकाला 13च? पोरगं हसतं अन स्वतःच खोडतं. कोण कुठं अडकलं ते वहीत लिहा अन महिन्यानं परत तेच बघा, टक्केवारीच्या तक्त्यापेक्षा ही वही कामाची.

ऊसतोडीचं वेगळंच. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघाल्या की पट कागदावर तसाच, वर्ग मात्र अर्धा रिकामा. टोळी निघायच्या आधीच, सप्टेंबरात कोण जाणार याची यादी करा, आजीकडं कोण राहतंय विचारा, बाकीच्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आई-बाप तोडीला गेले तरी लेकरं गावातच राहून शिकतील अशा सोयीचा, प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीत घ्या. समितीत 75 टक्के पालकच असतात अन निम्म्या बाया असाव्या लागतात, नुसत्या सहीपुरत्या नाही. आणि मीटिंग दुपारी ठेवू नका, बाया रानात असतात, संध्याकाळी सातला ठेवा.