लूथरन उपासनेला पहिल्यांदा जाताना

कोकणात ख्रिस्ती शेजारी म्हटले की बहुधा कॅथलिक, नाहीतर सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, एक प्रोटेस्टंट संघ) मंडळी. लूथरन उपासना इथे विरळा. त्यामुळे नवखा माणूस तिला एकतर मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना) समजतो, नाहीतर प्रार्थना-सभा. ती मिस्सेतूनच आलेली आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1517 नंतर तिचा सांगाडा मोडला नाही, त्यातला ‘आपण देवाला अर्पण करतो’ हा भाग तेवढा काढला.

मुख्य गाठ इथेच आहे. नवस बोलायचा, काम झाले की फेडायचा, ही रीत आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. लूथरन शिकवण नेमकी उलटी आहे: ख्रिस्ताने आधीच सगळे फेडले, माणूस कर्मांनी नव्हे तर केवळ कृपेने, विश्वासाद्वारे नीतिमान ठरतो. बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचून जा, उपदेश कळायला सोपा जाईल. म्हणून उपासनेत काम प्रामुख्याने देवाचे असते आणि आपण घेणारे. अर्पणाची थैली फिरते ती उपकार मानण्यासाठी. नवीन माणसाने काही टाकले नाही तरी चालते.

पंधरा मिनिटे आधी पोचा. पावसाळ्यात छत्री आणि चपला कुठे ठेवायच्या हे आधीच्या माणसाकडे बघून ठरवा, प्रत्येक मंडळीची सवय वेगळी. वेदीवरच्या कापडाचा रंग पाहा: ख्रिस्तजन्म आणि पुनरुत्थानाला पांढरा, उपवासकाळात जांभळा, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) आणि 31 ऑक्टोबरच्या सुधारणा दिनाला तांबडा. एरवी बहुधा हिरवा, आणि तो पेंटेकॉस्टनंतर बहुतेक पावसाळाभर टिकतो. बाहेरच्या शेतांशी मेळ बसतो हा योगायोग.

सुरुवात पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. लगेच पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, मग पाळक (मंडळीचे धर्मगुरू) पापक्षमा जाहीर करतात. इथे कॅथलिक घरातून आलेले आणि त्या वळणाची सवय नसलेले असे दोघेही अडखळतात. क्षमा पाळकांची स्वतःची नसते. ख्रिस्ताच्या आज्ञेवरून ती ते सांगतात, आणि ती खरोखर मिळाली असे धरायचे. ‘आमेन’ पुटपुटू नका, मोठ्याने म्हणा: त्याचा अर्थ ‘होय, असेच होवो’. पुढे ‘प्रभो, दया कर’, देवाची स्तुती, जुन्या करारातून आणि पत्रांतून वाचन. शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) वाचनाला सगळे उभे राहतात. मग मतांगीकार (विश्वासाचे ठरलेले निवेदन), गीत, उपदेश, प्रार्थना. मतांगीकार काही ठिकाणी उपदेशानंतर येतो. क्रॉसची खूण करणारे दिसतील, न करणारेही, सक्ती नाही. वधस्तंभावरील ख्रिस्ताची मूर्ती चालते, पण संतांकडे मागणे मागत नाहीत. मरियेचा मान राखतात, तिला प्रार्थना करीत नाहीत.

गीतांच्या वेळी पुस्तक उघडून गा, नुसते ऐकू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात 1861 साली जन्मलेले नारायण वामन टिळक लूथरन नव्हते, तरी मराठी ख्रिस्ती गाण्याला अभंग-भजनाचे वळण त्यांनीच दिले. त्यामुळे चाली परक्या वाटत नाहीत.

सगळ्यात जास्त गैरसमज प्रभुभोजनात. भाकर आणि द्राक्षारस ही नुसती आठवण नव्हे, आणि त्यांचे मूळ द्रव्य बदलून जाते असेही नव्हे: भाकरीत, भाकरीबरोबर, भाकरीखाली ख्रिस्ताचे खरे शरीर दिले जाते, तसेच द्राक्षारसाबरोबर त्याचे रक्त. 1529 साली जर्मनीतल्या मारबुर्गला लूथर आणि स्विस सुधारक झ्विंगली पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकत्र आले आणि याच एका मुद्द्यावर तुटले. म्हणून अनेक लूथरन मंडळ्यांत शिकवणी न घेतलेल्या माणसाला प्रभुभोजनात भाग देत नाहीत. तो अपमान समजू नका. पाळकांशी आदल्या दिवशी बोला. त्यांनी थांबायला सांगितले तर जागेवर बसून प्रार्थना करा, किंवा तिथे रीत असेल तर पुढे जाऊन आशीर्वाद घ्या. रांगेत लागून ऐनवेळी प्याला नाकारण्याची चूक टाळा. भाकर आणि प्याला दोन्ही सगळ्यांना मिळतात.

बाप्तिस्मा तान्ह्या बाळालाही देतात, कारण तोही देवाने देण्याचाच प्रकार. पाणी किती याला महत्त्व नाही. ओंजळभर डोक्यावर ओतले तरी पुरते, पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याचे नाव मात्र घेतलेच पाहिजे.

पुढे शिकायचे ते लूथरच्या 1529 च्या लहान प्रश्नोत्तरावलीतून. भाग सहा: दहा आज्ञा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार, प्रभुभोजन. आठवड्याला एक भाग घेऊ नका, पहिल्याच भागाला महिना द्या. कारण बहुतेक आज्ञांना ‘काय करू नये’ आणि ‘काय करावे’ अशा दोन बाजू आहेत. चोरी करू नको म्हणजे खिसा कापू नको एवढेच नाही. खोटा माल देऊन फसवू नको, उलट शेजाऱ्याची मिळकत वाढायला मदत कर. हापूसच्या पेटीत वरचा थर मोठ्या फळांचा आणि खाली बारीक, हे त्याच आज्ञेत येते.

एक खाचखळगा ध्यानात ठेवा. मूर्तींविषयीची आज्ञा लूथरन वेगळी मोजत नाहीत, पहिलीतच धरतात. शेवटी लोभाच्या दोन करून दहा पुऱ्या होतात. कॅथलिकांचीही मोजणी अशीच. सीएनआयच्या शेजाऱ्यांची सहावी आज्ञा खुनाविषयी, तर लूथरनांची व्यभिचाराविषयी. रविवारच्या शाळेतल्या मुलाने घरी ‘सहावी आज्ञा सांग’ विचारले की वाद होतो, आणि दोघेही बरोबर असतात. म्हणून आकड्याने नव्हे, शब्दांनी विचारायला शिकवा.